आधी आभार, मग हिशेब

परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून लोक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. आता वेळ कसा जातो, हा पहिला. आणि इतकी वर्षं इतकं दुःख जवळून पाहून तुम्ही आतून शाबूत कशा राहिलात, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नातवंडं आहेत, चर्चची कामं आहेत. दुसऱ्याला मी आजवर "प्रभूची कृपा" एवढंच उत्तर देत आले. ते खरं आहे, पण ती कृपा रोज कोणत्या वाटेने माझ्यापर्यंत आली हे सांगितलं नाही तर उत्तर अर्धंच राहतं. ती वाट म्हणजे रात्री झोपण्यापूर्वीची पंधरा मिनिटं. त्या वेळात मी सरलेला दिवस देवासमोर ठेवते आणि त्याच्याबरोबर बसून तो पुन्हा पाहते. हे मी कशी शिकले आणि त्याने मला काय शिकवलं, ते आज सविस्तर लिहिते आहे.

माझं माहेर अहमदनगरचं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तिथे काम सुरू केलं आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक तिथेच राहिले. त्यांची पदं आमच्या घरात तोंडपाठ असत. रोज संध्याकाळी कौटुंबिक उपासना व्हायची : पवित्र शास्त्रातला एक अध्याय, एक पद, मग वडिलांची प्रार्थना. आत्मपरीक्षण मात्र महिन्यातून एकदाच, प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री. भाकर आणि प्याला घेण्यापूर्वी माणसाने स्वतःला पारखावं, असं पौलाने करिंथकरांना बजावलं आहे, आणि आजी ते फार मनावर घ्यायची. शनिवारी रात्री आम्हा भावंडांना समोर बसवून म्हणायची, "कुणाशी बोलाचाली झाली असेल तर आत्ताच जाऊन मिटवून या. उद्या मेजाजवळ तसंच जायचं नाही." आम्ही खरंच शेजारी जाऊन माफी मागून येत असू. स्वतःला तपासायचं म्हणजे चुका शोधायच्या, ही समजूत माझ्या मनात तेव्हाच पक्की बसली.

मिरजेला वानलेस इस्पितळात नर्सिंग शिकले, लग्न झालं आणि यजमानांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे ग्वाल्हेरला आले. शहराचे तीन तुकडे. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, दौलतराव शिंद्यांच्या तळातून वाढलेलं लष्कर, आणि १८८६ पर्यंत इंग्रजांची छावणी असलेलं मुरार. आम्ही राहायचो लष्करात, मराठी शेजारात. चर्चला जायचो मुरारला, तिथली उपासना हिंदीत. प्रार्थना हिंदीत करायची सवय लवकर झाली. पण स्वतःच्या आत डोकावायची वेळ आली की मन आपोआप मराठीत येई, ते आजही तसंच आहे.

नोकरी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, पलीकडे धौलपूरपर्यंतचे रुग्ण आमच्याकडे येत. लग्नसराईत वरातीत उडवलेल्या गोळ्या लागून जखमी झालेले यायचे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की लू लागलेले मजूर बेशुद्धावस्थेत यायचे. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली कुटुंबं यायची. खाटा कमी, माणसं जास्त. एका नर्सवर इतके रुग्ण की नावं लक्षात ठेवायला डोक्यात जागा उरायची नाही, खाटेचे नंबरच उरायचे.

अशा कामात माणसाच्या मनाचं दोन तऱ्हेनं बिघडतं. काहींचं मन हळूहळू कोरडं पडतं. हात सफाईने चालतात, सुई अचूक शिरेत जाते, पण समोर कोण आहे याकडे लक्षच जात नाही. काहींचं उलट होतं. प्रत्येक मृत्यू ती स्वतःच्या नावावर लिहून घेतात. मी या दुसऱ्या प्रकारातली.

एक प्रसंग सांगते. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली, लग्नाला वर्षही न झालेली एक मुलगी आमच्याकडे आली होती. वाचणार नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चेहरा आणि केस तेवढे वाचले होते. तिसऱ्या रात्री तिने मला हळूच विचारलं, "दीदी, चोटी कर दोगी?" केसांत गुंता झाला होता. मी तिच्या उशाशी बसून, ताण पडू नये म्हणून केस मुळाशी धरून, खालून वर एकेक बट सोडवली आणि सैलशी वेणी घातली. पहाटे ती गेली. त्यानंतर कितीतरी रात्री मी देवासमोर बसून स्वतःला विचारत राहिले, अजून काय करता आलं असतं? वेदनेचं औषध दहा मिनिटं आधी मागवता आलं असतं का? दुसऱ्या खाटेकडे गेले तेव्हा तिने हाक मारली असेल का? मी याला प्रार्थना म्हणत होते. पण त्या प्रार्थनेत बोलत असे फक्त मी, आणि बोलत असे फक्त स्वतःविरुद्ध. झोप उडाली, जेवण कमी झालं, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात माझा त्या मुलीच्या शेजारच्या खाटेलाही काही उपयोग होईना.

या अवस्थेतून मला बाहेर काढलं ते एका कॅथलिक धर्मभगिनीने. त्या केरळच्या, स्वतः नर्स, आणि आपल्या मठाच्या दवाखान्यातले गंभीर रुग्ण आमच्याकडे घेऊन यायच्या. आमच्या मंडळीत आणि त्यांच्या मंडळीत पंथाचा फरक होता, पण जिन्याखालच्या बाकावर चहा पिताना तो कधी आड आला नाही. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "रात को सबसे पहले क्या करती हो?" मी म्हटलं, दिवसभरात काय चुकलं ते आठवते. त्या म्हणाल्या, "पहले धन्यवाद. जब तक धन्यवाद पूरा न हो, तब तक गलती की तरफ देखना भी नहीं." मग त्यांनी मला संत इग्नेशियस यांची पद्धत शिकवली. पुढे त्यांनीच घेतलेल्या एका मौन साधनेत ती नीट पक्की झाली.

इग्नेशियस लोयोला यांची हकिकत मी तोपर्यंत कधी वाचली नव्हती. स्पेनच्या बास्क मुलखातला हा सरदारपुत्र १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून जायबंदी झाला. अंथरुणात पडल्या पडल्या त्याला एक गोष्ट लक्षात आली. पराक्रमाची, मानमरातबाची स्वप्नं रंगवताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडं होई. संतांसारखं जगण्याचा विचार केला की त्या विचाराचा गोडवा मागे टिकून राही. आपल्या मनात काय येतं यापेक्षा ते गेल्यावर मागे काय उरतं हे पाहायला तो तिथे शिकला.

मला धीर दिला तो मात्र त्याच्या पुढच्या वर्षाने. १५२२ मध्ये मानरेसा गावी त्याला स्वतःच्या पापांच्या आठवणीने असं काही घेरलं की एकदा कबूल केलेलं पाप पुन्हा पुन्हा कबूल करूनही त्याचं समाधान होईना. काही सांगायचं राहून तर गेलं नाही ना, ही शंका जाईना. तो उपाशी राहू लागला. जीव द्यावा असंही त्याच्या मनात येऊन गेलं. शेवटी आपल्या धर्मगुरूच्या आज्ञेने त्याने उपास सोडला, आणि जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत असं ठरवल्यावर तो मोकळा झाला. रोजच्या आत्मपरीक्षणाची ही पद्धत ज्याने आखून दिली, तो स्वतः आत्मपरीक्षणाच्या अतिरेकाने मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला होता. १५४८ साली छापल्या गेलेल्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात या पद्धतीच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत आणि त्यातली पहिली पायरी आभाराची आहे. ती तिथे शिष्टाचार म्हणून ठेवलेली नाही, हे मला त्याची गोष्ट कळल्यावर उमगलं.

त्या पाच पायऱ्या अशा. आधी मिळालेल्या दानांसाठी देवाचे आभार. मग स्वतःला नीट पाहता यावं म्हणून त्याच्याकडे प्रकाश मागायचा, कारण आपल्याच डोळ्यांनी पाहिलं तर आपण एक तर स्वतःला झोडपतो नाही तर गोंजारतो. तिसरी पायरी, उठल्यापासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासाने आठवायचा. विचार, शब्द आणि कृती. चौथी, जे चुकलं त्याबद्दल क्षमा मागायची. पाचवी, त्याच्या मदतीने उद्या काय सुधारायचं ते ठरवायचं. एवढंच.

नर्स असल्यामुळे मला हे चटकन पटलं. ड्युटी संपताना आम्ही पुढच्या पाळीच्या नर्सला 'ओव्हर' देतो. खाटेमागून खाट सांगत जायचं : हिला काय दिलं, याचं काय बाकी आहे, त्याच्याकडे कशासाठी लक्ष ठेवायचं. ओव्हर देताना कुणी रडत बसत नाही आणि कुणी बढाईही मारत नाही. खरं ते सांगायचं, राहिलेलं लपवायचं नाही, आणि सांगून झालं की चार्ज दुसऱ्याच्या हाती सोपवून घरी जायचं. रात्रीची माझी प्रार्थना तशी झाली. दिवसाचा चार्ज ज्याचा आहे त्याच्या हाती देऊन मी झोपू लागले, आणि वेणी घातलेल्या त्या मुलीसाठी मला पहिल्यांदाच देवाचे आभार मानता आले, की तिने शेवटची गोष्ट मागितली तेव्हा मी तिथे होते.

तासातासाने दिवस आठवण्याने काय होतं, त्याचा एक नमुना देते. एप्रिलअखेर, माझी दोन ते आठची पाळी. हृदयविकाराची एक म्हातारी बाई भिंडकडून आली होती आणि तिचा नवरा सोबतीला होता. वॉर्डातला पंखा बंद पडला होता. बाबा खाटेशी उकिडवे बसून बायकोला बिजन्याने, म्हणजे हातपंख्याने, वारा घालत होते. औषधाची ट्रॉली नेताना माझ्या वाटेत येत म्हणून मी दोन-तीनदा त्यांना "बाबा, सरकना" म्हटलं, बस्स. रात्री घरी दुपारचे चार आठवत असताना ते दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर आलं आणि तेव्हा मी ते खऱ्या अर्थाने पाहिलं. बाबांचा बिजना दोन्ही बाजूंना जात होता. चार-पाच झोके बायकोकडे, मग तेवढेच पलीकडच्या खाटेवरच्या परक्या, एकट्या पडलेल्या रुग्णाकडे. हात दुखला की बिजना दुसऱ्या हातात, पण क्रम तोच. पलीकडचा कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे त्यांनी विचारलंही नव्हतं. दुपारी माझ्या डोळ्यांसमोर हे घडत होतं आणि मला फक्त अडथळा दिसत होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी स्टोअरमधून एक स्टूल आणून ठेवलं. आत्मपरीक्षणाने मला आधी दिलं ते हे : दिवसभरात देव कुठे कुठे भेटून गेला याची उशिरा का होईना पण ओळख.

दुसरं दिलं ते स्वतःच्या स्वभावाचं ज्ञान, आणि तेही फार व्यावहारिक. रोज दिवस आठवू लागल्यावर ध्यानात आलं की माझा आवाज चढतो तो बहुतेक वेळा एकाच सुमाराला, दुपारी चार ते पाच, भेटीची वेळ सुरू होऊन नातेवाइकांची गर्दी आत आली की. आधी मी याला प्रेमाचा अभाव म्हणत होते आणि त्यासाठी क्षमा मागत होते. मग नीट पाहिलं तेव्हा कळलं, की सकाळी घाईत खाल्लेल्या दोन पोळ्यांनंतर त्या वेळेपर्यंत माझ्या पोटात काहीच गेलेलं नसे. साडेतीनला डबा उघडायची शिस्त लावली आणि निम्मं चिडणं गेलं. उरलेलं निम्मं खरोखर माझं होतं, आणि आता ते वेगळं दिसत असल्यामुळे त्यावर काम करता आलं. शरीर थकलेलं असताना आत्म्याला दोष देऊ नये, हे मी नव्या नर्सेसना कायम सांगत आले.

पुढे वाचनात आलं की चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या साधूनेही असंच वेळापत्रक मांडून ठेवलं आहे. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान साधूला एक विशिष्ट मरगळ गाठते, असं तो लिहितो. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, खोली नकोशी होते, हे जगणंच चुकीचं निवडलं असं वाटू लागतं. ग्वाल्हेरचा जूनमधला दुपारचा वॉर्ड ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. इव्हाग्रियसचा सल्ला असा, की जागा सोडू नकोस, आणि कोणता विचार कधी येतो, कशाच्या मागून येतो, याची नोंद ठेव. नोकरी सोडून द्यावी असं मला किती वेळा वाटलं असेल. पण ते नेहमी भर दुपारी किंवा रात्रपाळीत पहाटे तीनला वाटे, आणि सकाळी सहाला चहा घेताना कधीच वाटत नसे. एवढं कळल्यावर मी पहाटे तीन वाजता कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही, असं ठरवून टाकलं.

इग्नेशियस यांनी आणखी एक साधी युक्ती सांगितली आहे. एका वेळी एकच दोष निवडायचा, आणि तो हातून घडला की छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही हे करता येतं, कुणाच्या लक्षात येत नाही. एका उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, मी रुग्णांच्या नातेवाइकांची पाठीमागे निंदा करण्याची खोड निवडली होती. ड्युटीरूममध्ये ती इतकी रुळलेली असते की ती निंदा आहे हेच वाटत नाही. पहिले काही दिवस माझा हात सारखा छातीशी जाई. एका सहकारी नर्सने काळजीने विचारलंसुद्धा, "छाती में दर्द है क्या?" मग हात जायच्या आधीच जीभ थांबू लागली. उपवासकाळ संपेपर्यंत ड्युटीरूममधल्या माझ्या गप्पा कमी झाल्या होत्या आणि त्याच नातेवाइकांशी खाटेजवळचं बोलणं वाढलं होतं.

मात्र हे शस्त्र दुधारी आहे. माझ्याबरोबरची एक श्रद्धाळू तरुण नर्स वही घेऊन रोजच्या पापांची यादी करायची. वही भरत गेली आणि ती मिटत गेली. प्रभुभोजनाला जाणंही तिने थांबवलं, आपली लायकी नाही म्हणून. तिला समजावताना मला फादर नेहेम्या गोरे आठवले. मूळचे नीळकंठ गोरे, ते १८२५ साली आमच्या ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेल्या झाशीच्या परिसरात, मराठी चित्पावन घरात जन्मले आणि काशीत वाढले. दर्शनशास्त्रांचे मोठे पंडित. ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी त्यांचं ऋण मानलं आहे. पण या माणसाला शंका आणि आपल्या अपात्रतेची जाणीव यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. ते एका इंग्रज संन्यस्त संघात उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरची व्रतं त्यांनी घेतली नाहीत. १८९५ मध्ये मुंबईत ते वारले. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. त्यांच्या शंका प्रामाणिक होत्या आणि त्या शंकांसकट ते देवाला धरून राहिले. एवढी तीक्ष्ण बुद्धी सतत स्वतःवरच रोखली गेली तर माणसाला किती सोसावं लागतं, हेही त्यांच्या आयुष्यात दिसतं.

त्या नर्सला मी पेत्र आणि यहूदा यांची गोष्ट वाचायला सांगितली. एकाच रात्री दोघांनीही येशूला दगा दिला. दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदा आपला दोष घेऊन एकटा निघून गेला आणि त्याने जीव दिला. पेत्रही रडला, पण तो परत आपल्या लोकांत आला. लूकच्या शुभवर्तमानात आहे की कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. आत्मपरीक्षण करायचं ते त्या नजरेसमोर बसून. ती नजर नसेल तर स्वतःकडे पाहण्यात फक्त इजा आहे. मी तिला तीन बंधनं घातली : वही बंद, पंधरा मिनिटांच्या वर बसायचं नाही, आणि ज्याची क्षमा मागून झाली ते पुन्हा काढायचं नाही. शिवाय तिला मानसोपचारतज्ज्ञाकडेही घेऊन गेले, कारण तिची झोप आणि भूक गेली होती आणि तो आजार होता. औषधाने तिला बरं वाटू लागलं, मग प्रार्थनाही परत आली. अशा वेळी नुसती प्रार्थना वाढवा म्हणून सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

उलट बाजूचा धोकाही आहे. आभार मानून, मन शांत करून माणूस जिथल्या तिथे राहू शकतो. मला त्यापासून वाचवलं ते एका खाटेने. वऱ्हांड्यातल्या शेवटच्या खाटेवर समाजाने वाळीत टाकल्यासारख्या वस्तीतून आलेला एक रुग्ण होता. त्याचं पाणी भरायला, चादर बदलायला कुणी तयार नसे, आणि हे सगळं कुणी काही न बोलता चाले. रात्री दिवस आठवताना ती खाट रोज समोर यायची. माझं काम मी करत होते, त्याला औषध वेळेवर मिळत होतं, तरी ती खाट जाईना. तेव्हा समजलं की माझ्याकडून इथे वेगळंच काही मागितलं जातंय. मी वरिष्ठ मेट्रनबाईंकडे गेले आणि त्याला वॉर्डात आत घेण्याचा आग्रह धरला. त्यावरून काही दिवस सहकाऱ्यांचा अबोला सोसावा लागला, पण खाट आत आली. एकच गोष्ट जर रात्रीमागून रात्र समोर येत असेल तर ती क्षमा मागून मिटणारी नसते. तिथे उठून काही करावं लागतं.

शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "अगं, रात्री दिवा मालवून बसतेस ती काय ध्यान करतेस?" मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग आमच्या तुकोबांनी दुसरं काय केलं? स्वतःला इतकं सोलून बघणारा माणूस कुठे मिळायचा?" मी म्हटलं, "काकू, आमचे टिळक म्हणायचे की तुकोबांच्याच सेतूवरून ते ख्रिस्तापर्यंत आले." काकूंना ते फार आवडलं. फरक आहे तो मी त्यांना सांगितलाही. आमच्या श्रद्धेत क्षमा वधस्तंभावर आधीच देऊन झालेली आहे, स्वतःला तपासून ती कमवायची नसते. क्षमा हातात असते म्हणूनच माणसाला न घाबरता स्वतःकडे पाहता येतं. मराठी मुलखाला ही वाट तशी नवी नाही. १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून देणारे फादर थॉमस स्टीफन्स इग्नेशियस यांच्याच येशूसंघाचे. १५७९ पासून मरेपर्यंत ते गोव्यात होते, आणि रोजचं आत्मपरीक्षण त्या संघाच्या शिस्तीचाच भाग आहे. ओव्या रचणाऱ्या त्या हातांनी तिथे दिवसामागून दिवस हाच हिशेब देवासमोर ठेवला असेल.

नोकरीच्या शेवटच्या काळात, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात, पाचही पायऱ्या मोडून पडल्या. ऑक्सिजनसाठी धावणारी माणसं, पीपीई किटमध्ये घामाने भिजलेले आम्ही, आणि दिवसाचे तास आठवायचे म्हटले तर सगळे एकमेकांत मिसळलेले. चर्चची दारं बंद. अशा रात्री मी एवढंच करायचे : एका गोष्टीबद्दल आभार, आणि मग सगळं त्याच्या हाती. कधी ती एक गोष्ट म्हणजे कुणाचा तरी वाढलेला ऑक्सिजनचा आकडा असे, कधी नुसतं प्यायला मिळालेलं गार पाणी. तेव्हा कळलं की पद्धत माणसासाठी आहे. पायऱ्या सुटल्या तरी चालतं, ज्याच्यासमोर बसायचं त्याला सोडून चालत नाही. साथ ओसरल्यावर पायऱ्या आपोआप परत आल्या.

संतुलन म्हणजे मन कधीच न हलणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता तसं वाटत नाही. माझं मन आजही हलतं. मी चिडते, खचते, कधी स्वतःवर खूश होऊन बसते. फरक इतकाच की त्याच रात्री मला कळतं की मी कुठल्या बाजूला कलले आहे, आणि एका दिवसाचा कल सावरणं वर्षभराच्या कलापेक्षा पुष्कळ सोपं असतं.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांनी साध्यापासून सुरुवात करावी. जागा आणि वेळ ठरलेली असावी. अंथरुणात पडून करू नये, झोप लागते. आभार मानताना 'सगळ्याबद्दल आभार' असं मोघम म्हणू नये, आज घडलेली ठरावीक गोष्ट घ्यावी, तिच्या वासारंगासकट. दिवस आठवताना जे मनाला टोचेल तिथे थांबावं आणि जे सुखावेल तिथेही तितकाच वेळ थांबावं. क्षमा एकदा मागावी आणि ती मिळाली असं मानावं. उद्यासाठी एकच गोष्ट ठरवावी, इतकी लहान की ती उद्या संध्याकाळी झाली की नाही ते सांगता येईल : अमक्याला फोन करायचा, तमकीची माफी मागायची, साडेतीनला डबा उघडायचा. काही आठवडे काहीच घडत नाही असं वाटेल. तरी चालू ठेवावं. आणि एखाद्या रात्री बसवलंच नाही, तर दुसऱ्या रात्री कालच्या न बसण्याचा हिशेब मांडू नये. आभारापासून सुरुवात करावी.